एअर फ्रायरमधले स्कोन: मळायचं नाही, गोळा करायचं

आम्ही पाचगणीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका लहान गावातल्या बचत गटाच्या बायका. दहा जणी आहोत. आमचा मूळ धंदा पापडाचा. पण आज पापडावर बोलायचं नाही. आज बोलायचंय एका इंग्रजी पदार्थावर. हसू नका, आधी ऐका.

पदार्थाचं नाव स्कोन. कुणी स्कॉन म्हणतं, कुणी स्कोन. आम्हाला वाटलं आपलंच चुकतंय, पण खुद्द इंग्रज लोकांतही यावरून दोन तट आहेत, तेव्हा तुम्हाला जमेल तसं म्हणा. दिसायला असतो फुगलेल्या जाड बिस्किटासारखा, आतून मऊ, थोडा भुसभुशीत. मधोमध उघडायचा, जॅम लावायचा, वर घट्ट क्रीम. चहासोबत खातात.

आता हा आमच्या गावात कसा आला? पाचगणी वसवली ती जॉन चेसन नावाच्या इंग्रज माणसानं. थंड हवेसाठी साहेब लोक आले, त्यांच्या शाळा आल्या, त्यांचं चहासोबतचं खाणं आलं. साहेब गेले, शाळा राहिल्या आणि खाणंही थोडंफार राहिलं. स्ट्रॉबेरी तर आता आमच्या भागाचीच झालीय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात पाहुणे येतात, जॅम मागतात, आणि जॅम कशाला लावून खायचा असंही विचारतात. आमच्या रस्त्यावर एक ताई घरातच पाहुण्यांची सोय करतात. त्यांनी विचारलं, "तुम्ही बायका स्कोन करून द्याल का? शनिवार-रविवार लागतील."

आम्ही हो म्हणून बसलो. स्कोन कुणीच खाल्लेला नव्हता.

आमच्याकडे ओव्हन नाही. तुमच्यापैकी मोठ्या बायकांना आठवत असेल, दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून आपण बेकरीवर जायचो आणि नानकटाई भाजून आणायचो. दुपारभर नंबर लावून बसायचं. भट्टी म्हणजे बेकरीवाल्याची, घरात असते ती चूल. म्हणून भाजायचं म्हटलं की आपला हात अडतो. पण आमच्यातल्या एका काकूंच्या घरी एअर फ्रायर होता. पुण्याच्या सुनेनं पाठवलेला. सहा महिने फडताळावर, वर कापड झाकून. काकू म्हणायच्या, "तेलाशिवाय भजी तळतो म्हणे, आमच्या घरात तसली भजी कोण खाणार?"

तर आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो. नावात फ्रायर असलं तरी ते तळत नाही. आत वरच्या बाजूला विजेची कॉइल असते, ती तापते. तिच्यावर पंखा असतो, तो गरम हवा जोरात खाली फिरवतो. खाली जाळीची टोपली. म्हणजे ही एक लहानशी भट्टीच. लहान असल्यामुळे लवकर तापते, चार-पाच मिनिटांत. हाच तिचा मोठा गुण. दोष असा, की धग वरून येते, त्यामुळे पदार्थ वरून लाल होतो आणि बुडाला कच्चा राहू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिल्या दिवशी आम्ही काय केलं, तर मैदा घेतला, लोणी घातलं, दूध घातलं आणि चपातीच्या कणकेसारखं मळलं. चांगलं दहा मिनिटं, मुठी मारून मारून. आमच्या हातांना तेच येतं. कणीक मऊसूत झाली, आम्ही खूश. भाजून काढले तर दगड. फुगले नाहीत, फुटले नाहीत. काकूंच्या नातवानं त्याच्यावर लगोरी रचली, इतके कडक.

दुसऱ्या वेळी बेकिंग पावडर मिळाली नाही म्हणून खायचा सोडा घातला. फुगले थोडे, पण पिवळे पडले आणि साबणासारखी कडू चव आली. सोड्याला आंबट लागतं, ताक किंवा दही. साध्या दुधात नुसता सोडा घातला की तो तसाच राहतो आणि जिभेला कळतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आंबट पदार्थ आधीच मिसळलेला असतो, म्हणून ती दुधात चालते. दोन्ही डबे पांढरे, दोन्ही पावडरी पांढऱ्या, पण एकीच्या जागी दुसरी घालू नका.

तोवर गटात कुजबुज सुरू झाली होती. मासिक बैठकीत एक जण उघड म्हणाली, "पापड सोडून हा पोरखेळ कशाला? लोणी काय फुकट येतं?" तिचं चुकत नव्हतं. सामान गटाच्या पैशातून येत होतं.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट निघाली. आमच्यातल्या आक्का दोन वर्षांपूर्वी बांधावरून पडल्या. उजवं मनगट मोडलं, हाड जरा वाकडंच जुळलं. तेव्हापासून त्यांना पापड लाटता येत नाही. आमचा हिशोब किलोवर. जिनं जितके किलो लाटले, तितके तिचे पैसे. वहीत आक्कांच्या नावापुढे दोन वर्षं रेघ. शेळ्यांसाठी गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला चालू. त्या दिवशी आक्का म्हणाल्या, "माझं नाव कमी करा. हप्ता फेडीन, पण नुसतं येऊन बसायची लाज वाटते." कुणी काही बोललं नाही. खरं सांगायचं तर आमच्यापैकी दोघी-तिघींच्या मनातही तेच होतं. ते आज इथे कबूल करतो.

तिसऱ्या वेळी आम्ही सगळ्या पापडाच्या घाईत होतो. आक्का म्हणाल्या, मी बघते ते स्कोनचं. डाव्या हाताच्या बोटांनी त्यांनी मैद्यात लोणी चोळलं, दूध घातलं, कसंबसं एकत्र केलं आणि थांबल्या. पीठ खडबडीत, वरून भेगा. आम्ही म्हणालो, "आक्का, अजून मळा की." त्या म्हणाल्या, "मला जोर नाही जमत. असंच टाका."

तसंच टाकलं. बारा मिनिटांनी टोपली ओढली तर स्कोन दीडपट उंच झालेले, कडेला मधोमध फाटलेले, आतून कापसासारखे. जो जोर आम्ही लावत होतो, तोच नडत होता.

त्याचं कारण नंतर कळलं. गव्हाच्या पिठात पाणी किंवा दूध घालून मळलं की चिकटपणा तयार होतो, तो ताणला जातो. चपातीला तो हवाच, म्हणून तर चपाती लाटता येते, पदर सुटतात. स्कोनला तो नको. चिकटपणा जितका जास्त तितका स्कोन चिवट आणि बसका. स्कोनचं पीठ मळायचं नाही, गोळा करायचं.

आता कृती सांगतो. वही-पेन्सिल घ्या.

मैदा पाव किलो. वाटीनं घेऊ नका, तुमची वाटी आणि आमची वाटी सारखी नसते. पापडाचा काटा असेल तर त्याच्यावर मोजा. त्यात तीन सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. हे सगळं दोनदा चाळा. बेकिंग पावडर जुनी वाटली तर चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली तर जिवंत, नुसती विरघळली तर टाकून द्या.

लोणी 60 ग्रॅम, फ्रीजमधलं घट्ट. आपण करंजीला, शंकरपाळ्याला कडकडीत मोहन घालतो. इथे उलटं, मोहन थंडगार. लोण्याचे तुकडे करा किंवा किसणीवर किसा आणि फक्त बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा. तळहात लावू नका, तळहात गरम असतो. जाडसर रव्यासारखं दिसलं की थांबा. कुठे कुठे लोण्याची कणी राहिली तर राहू द्या. ती कणी भट्टीत वितळते, तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तिथे पोकळी पडते. घरचं पांढरं लोणी घ्याल तर त्यातलं पाणी आणि ताक नीट पिळून काढा, नाहीतर पीठ सैल होतं. तूपही चालतं, थिजलेलं असलं तर, पण मग तो नानकटाईच्या वळणावर जातो. चवीला वाईट नाही, फक्त स्कोन म्हणून विकू नका.

मग थंड दूध. साधारण सव्वाशे मिली, पण एकदम ओतू नका. थोडं थोडं घालत सुरीनं कालवा. पीठ भांडं सोडायला लागलं की बस्स. ओट्यावर काढा, हातानं हलकं दाबून थापा. लाटणं घेऊ नका. जाडी इंचभर, कमी नको. पातळ थापलं की फुगायला काही उरतच नाही.

कापायला ग्लास घेऊ नका. स्टीलच्या ग्लासाची कड जाड असते, ती कापत नाही, दाबते. दाबलेली कड चिकटते आणि स्कोन एका बाजूला कलतो. आम्ही धारदार सुरीनं चौकोन कापतो. सरळ वरून खाली, सुरी न घासता. चौकोनात उरलेलं पीठही राहत नाही, म्हणजे पुन्हा गोळा करून मळायचा मोह होत नाही. आठ तुकडे होतात. भाजायच्या आधी दहा मिनिटं ताटलीसकट फ्रीजमध्ये. एप्रिल-मे मध्ये हे चुकवूच नका.

यंत्र 180 वर चार मिनिटं मोकळं तापवा. टोपलीत बटर पेपर घालायचा तर स्कोन ठेवतानाच घाला. रिकाम्या टोपलीत कागद ठेवून यंत्र चालू केलं तर पंख्याच्या वाऱ्यानं तो उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटतो, पेटूही शकतो. आणि पूर्ण तळ झाकू नका, हवा फिरली पाहिजे. एका वेळी चारच ठेवा. वरून दुधाचा हात फिरवा. नऊ मिनिटांनी उघडा, उलटे करा, आणखी दोन ते तीन मिनिटं. बुडाची कच्ची बाजू वर आली की तीही भाजते. ओळखायचं कसं? बुडाला बोटानं टकटक करा. पोकळ आवाज आला की झालं.

इतकं शिकून आम्ही पहिली खरी ऑर्डर घेतली, चोवीस नगांची. आणि ती फसली.

शनिवारी सकाळी द्यायचे म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता भाजायला बसलो. वेळ तीच, अंश तेच, वरून रंगही आला. सकाळी त्या ताईंचा फोन, "आत कच्चं पीठ आहे, पाहुण्यांनी बाजूला सारले." 234 रुपयांचं सामान गेलं. पैसे मागायला तोंडच नव्हतं. त्याहून वाईट, आक्का म्हणायला लागल्या की माझ्याच हाताचं काहीतरी चुकलं.

हात चुकला नव्हता. संध्याकाळी आमच्याकडे दिवे मिणमिणतात, तुमच्याकडेही मिणमिणत असतील. सगळ्यांच्या मोटरी, टीव्ही, मिक्सर एकदम चालू. गावातल्या वायरमननं मीटर लावून दाखवलं, 230 व्होल्ट यायला हवेत तिथे 180 येत होते. आता वाटेल, पाव भागापेक्षाही कमीच तर घटले, त्यानं काय होतं? पण कॉइलची धग त्याहून जास्त घटते. 180 व्होल्टला ती जवळजवळ साठ टक्क्यांवर येते. घड्याळ मात्र बारा मिनिटंच मोजतं, त्याला व्होल्टेज कळत नाही. टोपली उघडली की आतली हवा थंड होते, ती परत तापेपर्यंत वेळ संपतो. म्हणून आता आम्ही पहाटे पाचला भाजतो. तेव्हा वीज भरपूर असते, आणि माल ताजा जातो तो वेगळाच फायदा.

विजेचं निघालंय तर आणखी एक. आमचं यंत्र 1400 वॅटचं आहे. मोबाइल चार्जर लावतो त्या लहान प्लगला ते लावायचं नाही. तो प्लग 6 अँपिअरचा असतो आणि यंत्र तेवढी वीज एकटंच ओढतं. आम्ही सुरुवातीला एक्स्टेन्शन बोर्डावर लावलं होतं, बोर्डाची एक बाजू वितळून काळी पडली. घर वाचलं हे नशीब. फ्रिज किंवा गिझरसाठी असतो तसा 16 अँपिअरचा मोठा प्लग आणि आर्थिंग असेल तरच लावा. नसेल तर आधी ते करून घ्या, स्कोन नंतर.

आता पैशाचं. आठ स्कोनचा आमचा हिशोब, आम्ही सामान घेतलं त्या भावानं: मैदा 12 रुपये, लोणी 36, साखर 2, दूध 8, बेकिंग पावडर 4, खोका आणि कागद 10. वीज? दोन घाण्यांना मिळून यंत्र पंचवीस-सव्वीस मिनिटं चालतं, म्हणजे साधारण सहा दशांश युनिट. आम्ही सढळ हातानं 6 रुपये धरले. झाले 78. एका स्कोनला पावणेदहा रुपये. यात अर्ध्याच्या जवळ लोणी आहे. म्हणून लोण्याचा भाव वाढला की आपला भाव वाढवायचा, लोणी कमी करायचं नाही.

पहिली ऑर्डर फसल्यावर त्या ताई म्हणाल्या, "आता 15 रुपयांनी द्या." आमच्यातल्या दोघी लगेच तयार झाल्या, चूक आपली म्हणून. आक्का हिशोबाला कच्च्या, पण त्यांनीच विचारलं, "आठांचे 120. 78 गेले, उरले 42. तासभर जातो माझा. माझा तास 42 रुपयांचा का?" कुणाकडे उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं की एक खेप, चोवीस नग, फसलेल्यांच्या बदल्यात फुकट द्यायची आणि पुढे 22 रुपयांच्या खाली यायचं नाही. ताईंनी तो फुकट माल घेतला, चाखला आणि 22 मान्य केले. मान्य केले नसते तर आम्ही थांबलो असतो. चूक भरून द्यायची आणि भाव पाडून द्यायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बायका त्या फार वेळा एकत्र करतो.

विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करा. पापडाची असेल तर त्यात बेकरीचा माल बसतो का ते विचारून घ्या.

क्रीमचं एक गंमतशीर आहे. इंग्लंडमध्ये डेव्हन आणि कॉर्नवॉल असे दोन शेजारी परगणे आहेत. डेव्हनवाले आधी क्रीम लावतात, वर जॅम. कॉर्नवॉलवाले आधी जॅम, वर क्रीम. यावरून त्यांची वर्षानुवर्षं भांडणं. आणि ते क्रीम म्हणजे काय, तर पसरट भांड्यात मंद आचेवर दूध किंवा क्रीम तापवत ठेवायचं, मग निवू द्यायचं आणि वर धरलेला जाड थर काढायचा. म्हणजे साय! म्हशीच्या दुधाची चांगली जाड साय, चमचाभर पिठीसाखर घालून हलकी फेटली, की झालं. पाहुणे त्याची बोटं चाटतात. साय मात्र विकत देताना थंड ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

ज्यांच्याकडे एअर फ्रायर नाही त्यांनी स्कोनसाठी तो विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्या काळी घरोघर ओव्हन नव्हते तेव्हा स्कॉटलंडच्या बायका स्कोन लोखंडी तव्यावरच भाजायच्या, ओटच्या नाहीतर जवाच्या पिठाचे, थालीपिठासारखी गोल थापी करून चार भाग कापलेले. बेकिंग पावडर 1843 च्या सुमाराला इंग्लंडात निघाली, हा उंच फुगलेला स्कोन त्यानंतरचा. तेव्हा तुम्ही बिडाच्या तव्यावर करा. जाडी अर्धा इंचच ठेवा, आच अगदी मंद, वर झाकण, एका बाजूला सहा-सात मिनिटं, मग उलटून तेवढीच. चवीला चांगले होतात, फक्त वेळ जास्त लागतो आणि समोरून हलता येत नाही.

कणीक घालायची तर अर्धी मैदा, अर्धी कणीक, दूध चमचा-दोन चमचे जास्त. नाचणी घालायची असेल तर चौथ्या हिश्श्यापर्यंतच. नाचणीत चिकटपणा नसतो, जास्त घातली की उघडतानाच चुरा होतो. आम्ही नाचणीचे केले, शाळेच्या मुलांना आवडले, पाहुण्यांनी मात्र पांढरेच मागितले. चालायचंच. आणि घरच्या पोरांना रोज देऊ नका, मैदा आणि लोणीच आहे ते शेवटी.

उरले तर डब्यात झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी 160 वर तीन मिनिटं गरम केले की परत ताजे लागतात. तिसऱ्या दिवशी नाही.

वहीत आता दोन रकाने आहेत, पापडाचा किलोवर आणि स्कोनचा तासावर. तासाच्या रकान्यात सध्या आक्का आहेत आणि त्यांच्या हाताखाली काकू, कारण यंत्र काकूंचं. यंत्राचं भाडं किती धरायचं यावरून मागच्या बैठकीत दीड तास गेला आणि ठरलं काहीच नाही. या शनिवारी बत्तीस नग द्यायचेत. पहाटे पाचला काकूंच्या घरी भट्टी लागेल, कुणाला बघायला यायचं असेल तर या, फक्त मळायला हात पुढे करू नका. आक्का ओरडतात.